चाळीस सालची वही

नेकनूरकर सरांनी उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला नावानं हाक मारली नाही. हजेरीपटावर नावं होती, सरांना वाचताही येत होतं. पण ते गावानं बोलवायचे. "ए आष्टी, खिडकी लाव." "पाटोदा, हसतो कावून बे?" एका गावचे दोघं असले तर एक थोरला, एक धाकटा. मी केजची, म्हणून कॉलेजात मी केज होते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, किती आपुलकीचा माणूस, प्रत्येकाचं गाव ध्यानात ठेवतो! आपुलकी कसली डोंबलाची. नाव ध्यानात ठेवायचं म्हणजे माणूस ध्यानात ठेवावा लागतो, आणि तेवढी तोशीस सरांना नको होती.

बीडच्या आमच्या लॉ कॉलेजचे वर्ग सकाळी साडेसातला भरत. शिकवणारे सगळे वकीलच. अकराला त्यांना कोर्टात उभं राहायचं असे. शेवटच्या वर्षाला सरांकडे दोन विषय होते. एक दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे दावा कसा दाखल करायचा, नोटीस कशी काढायची, हुकूमनामा कसा बजावायचा. दुसरा लवाद, म्हणजे कोर्टात न जाता दोन्ही बाजूंनी कबूल केलेल्या त्रयस्थासमोर वाद मिटवणं. सर हे दोन्ही विषय शिकवत असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल. सर ते लिहून देत. तांबड्या कापडात बांधलेली एक जाडजूड वही टेबलावर यायची, चष्मा कपाळावर जायचा आणि गाडी सुरू व्हायची. "लवादाचा निवाडा, स्वल्पविराम, हा लेखी असावा, पूर्णविराम. पुढं." स्वल्पविरामसुद्धा सांगायचे. मधेच शिंक आली तर "थांबा" म्हणायचे. आष्टीच्या पोरानं एकदा ते "थांबा"ही उतरवून घेतलं आणि परीक्षेत उत्तराच्या मधोमध लिहून आला. तो पास झाला. यावरून सर पेपर किती बारकाईनं तपासत असतील ते बघा.

"कायदा समजून घ्यायचा नसतो, उतरवून घ्यायचा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "अशिलाला खरं सांगू ने, पुढची तारीख सांगावी." संहितेत लिहिलंय, एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख देऊ नये. हे सांगताना सर वहीवरनं मान वर करायचे आणि डोळे बारीक करायचे. "तीन कायद्यानं दिल्यात. तिनावर शून्य आपण द्यायचं." वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचे. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे.

एकदा आष्टीनं धीर करून विचारलं, "सर, कोर्टासमोरच्या दुकानात लवादाचं पुस्तक मिळतं, त्यात कलमांचे आकडे येगळेच हायेत."

सरांनी चष्मा खाली ओढला. "पुस्तक छापणाऱ्याला पोट असतंय. पेपर कोण काढतंय?"

"तुमी, सर."

"तपासतंय कोण?"

"तुमीच, सर."

"मग बस खाली."

विद्यापीठाच्या त्या पेपराला काढणारे आणि तपासणारे म्हणून सरांचं नाव बरीच वर्षं चिकटलेलं होतं. आष्टी खाली बसला. दुकानातलं ते पुस्तक मग आमच्यापैकी कुणीच घेतलं नाही. घ्यायचं तरी कशाला? आष्टीच्या थोरल्या भावानं त्याच वर्गात उतरवून घेतलेली वही आमच्या हातात होती, आणि तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा आमच्या वहीशी जुळत होता. इतकं जुळतंय म्हणजे खरंच असणार, असा आमचा भाबडा हिशेब.

बरं, माणूस बुद्धीनं कमी होता असंही नाही. कमी असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. दिवाणी संहिता त्यांना आकड्यांसकट पाठ होती. एकदा कॉलेजच्या व्हरांड्यात एक म्हातारी येऊन रडायला लागली. तिच्या घराची भिंत शेजारी पाडायला निघाला होता. सरांनी तिथंच, खांबाला टेकून, मनाई हुकुमाचा अर्ज तोंडी सांगितला आणि मी तो कागदावर घेतला. एक शब्द खोडावा लागला नाही. दुपारी म्हातारीला कोर्टाची मनाई मिळालीही. सरांनी तिच्याकडून काही घेतलं नाही, फक्त म्हणाले, "आजी, आता घरी जाऊन भिंतीला टेकून बसा." त्या दिवशी घरी गेल्यावर तासभर मी मामांना सरांचीच आरती ऐकवली.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. केजहून बीडला रोजचं जाणं-येणं झेपेना, म्हणून मी तिन्ही वर्षं त्यांच्याकडे राहिले. त्यांचं गाव लिंबागणेशपासून कोसभर. रोज पहाटे मामी भाकरी बांधून द्यायच्या, मामा लुनावरून फाट्यापर्यंत सोडायचे आणि पहिली एस.टी. आली की ड्रायव्हरला बजावून सांगायचे, "वकीलबाई हायेत, नीट न्या." मामा चौथी शिकलेले, पण कायद्याच्या शब्दांचं त्यांना फार वेड. दिवेलागणीला चहा झाला की विचारायचे, "आज काय काय उतरलं?" मग मी वही वाचायची आणि त्यांनी हं हं करत ऐकायचं. 'दरखास्त', 'कैफियत', 'हुकूमनामा' असे शब्द आले की ते तोंडात घोळवायचे. मामी चुलीपासून म्हणायच्या, "हिची परीक्षा तुम्हीच द्या आता." त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती मोसंबीची बाग, अडीचशे झाडं, मामांनी आपल्या हातांनी लावलेली, आणि बागेच्या कडेला विहीर.

विहिरीशेजारची दोन गुंठे जागा मामांनी गावच्या दूध संस्थेला वापरायला दिली होती. तिथं दूध थंड करायची टाकी बसली. करारात होतं की कॅन धुवायला आणि टाकीला लागेल तेवढं पाणी संस्थेनं विहिरीतून घ्यावं. शेवटी आणखी एक अट होती. वाद झाला तर लवाद नेमायचा आणि तो संस्थेच्या चेअरमननं नेमायचा. मामांनी सही केली तेव्हा पाऊसकाळ चांगला होता. पाणी मुबलक असलं की करार कोण वाचतंय?

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. गावोगाव टँकर सुरू झाले. संस्थेनं जनावरांची छावणी काढली आणि चेअरमन म्हणाले, छावणीचं पाणीही याच विहिरीचं. मामांनी पहिले दोन महिने हूं का चूं केलं नाही. मुकी जनावरं आहेत, पिऊ द्या म्हणाले. पण विहिरीवरनं निघालेले टँकर छावणीच्या पुढं जाऊन चेअरमनच्या उसात रिकामे व्हायला लागले, आणि बागेला दिवसाला दोन तासही मोटार चालेना. तेव्हा मामांनी पंपघराला कुलूप घातलं. झालं, वाद पेटला. आठ दिवसांत संस्थेचं पत्र आलं की लवाद म्हणून अ‍ॅडव्होकेट नेकनूरकर यांची नेमणूक केली आहे.

मी पत्र वाचून अक्षरशः उड्या मारल्या. "मामा, माझे सर आहेत! आता काळजी सोडा!"

सुनावणी संस्थेच्या ऑफिसात झाली. सर आले ते चेअरमनच्या जीपमधून. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. मला बघून ते दचकले. "ए केज, तू इथं कावून?"

"हे माझे मामा, सर."

"असं व्हय! लई झाक झालं. घरचंच माणूस निघालं."

मी रात्रंदिवस खपून मामांची कैफियत लिहिली होती, चांगली आठ पानं. सरांनी ती हातावर तोलली आणि तशीच परत दिली. "लई मोठी हाय. तोंडीच सांगा थोडक्यात." मामा उभे राहिले. माणूस बैलाशी तासभर बोलेल, पण खुर्चीवरच्या माणसासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. "साहेब, जनावराला पानी द्यायला आमी न्हाई म्हनत न्हाई, पन..." एवढ्यात सर म्हणाले, "बघा, न्हाई म्हणत न्हाईत. कबूल हाय." आणि कागदावर काहीतरी खरडलं. टँकर कुठं जातात हे सांगायला मामांनी शेजारच्या वस्तीवरचे दोघं आणले होते. सर म्हणाले, "साक्षीदार कशाला? आपण काय कोर्टात बसलोय का?" अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मग मामांनीच बागेतली मोसंबी आणून सगळ्यांपुढं ठेवली, कारण दारी आलेल्या माणसाला रिकामं पाठवायची त्यांना सवय नाही. सरांनी चार मोसंबी खाल्ली, पिशवीभर बरोबर घेतली आणि जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "गोड हाय. पाणी चांगलं दिसतंय विहिरीचं."

दिवाळीनंतर निवाडा पोस्टानं आला. मामांनी पाकीट न फोडताच माझ्या हातात दिलं. दुष्काळ संपेपर्यंत विहिरीच्या पाण्यावर पहिला हक्क संस्थेचा. पंपघराची किल्ली संस्थेकडे द्यावी. संस्थेची गरज भागून उरलेलं पाणी बागेला घ्यावं. सगळ्यात वर, मधोमध, टाइप केलेलं होतं: 'लवाद व समेट कायदा, १९९६ अन्वये'. पत्राच्या वरचं 'श्री' आपण जसं वाचतो, तशी मी ती ओळ वाचली आणि पुढं गेले.

"आता?" मामांनी विचारलं.

मी आतून वही आणली आणि ठसक्यात वाचून दाखवलं. निवाडा हा न्यायालयात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा झाल्याशिवाय बजावता येत नाही, पूर्णविराम. दाखल झाल्याची नोटीस पक्षकारांना निघते, पूर्णविराम. नोटिशीपासून तीस दिवसांत हरकत घेता येते, पूर्णविराम.

"म्हंजी नोटीस येईस्तोवर बिनघोर?"

"बिनघोर. तोवर तो नुसता कागद आहे."

मामी म्हणाल्या, "तरी पण बीडच्या एखाद्या वकिलाला दाखवून आणावं का?"

मला राग आला. खरंच आला. "मामी, निवाडा ज्यानं दिला त्याच माणसाच्या वहीत आहे हे. आणखी कुणाला दाखवायचं?"

"हां, घरात वकील असताना भायेर कशाला हिंडायचं?" मामा म्हणाले आणि विषय संपला. कुलूप तसंच राहिलं, मोटार चालत राहिली, बागेनं तग धरला. संस्थेकडूनही हालचाल नव्हती. मी मनात म्हणायचे, बघा, सरांची वही म्हणजे वही! संस्था गप्प का होती? ती मुदत संपायची वाट बघत होती.

नोटीस काही आली नाही. होळी झाल्यावर, माझ्या लवादाच्या पेपराला आठ दिवस उरले असताना, कोर्टाचा बेलीफ आला. बरोबर दोन पोलीस आणि संस्थेची चार माणसं. मी धावत पुढं गेले आणि पदर खोचून भांडल्यासारखी म्हणाले, "नोटीस कुठं आहे? निवाड्यावर हुकूमनामा झालाय का?"

बेलीफ म्हातारा आणि भला माणूस होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, निवाड्याला आता नोटीस नसती. निवाडा पोचल्यापासून हरकतीला तीन महिने असतेत, कारण पटलं तर वर तीस दिवस. ते गेले की निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतोय. तुमी जे म्हणताय ते जुन्या कायद्यात व्हतं. कुठं शिकता तुमी?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं नाही. मामा तेव्हा विहिरीकडं गेले होते. मी घरापाशीच थांबले. संस्थेच्या माणसांनी तिकडं जाऊन कुलूप तोडलं, बेलीफानं पंचनामा लिहिला, मामांची सही घेतली आणि सगळे निघून गेले. मामा परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "सरांनी आणि चेअरमननं मिळून दगा केला." दगा झालाच होता, ते काही खोटं नव्हतं. पण त्या दग्यात माझाही हात होता, ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन कोर्टासमोरच्या दुकानात ते पुस्तक मागितलं आणि उभ्यानंच वाचलं. शहाण्णव सालच्या नव्या कायद्यानं चाळीस सालचा जुना कायदा केव्हाच मोडीत काढला होता. आम्ही वर्षभर उतरवून घेतलं ते मेलेल्या कायद्याचं मयतीचं जेवण! मग पुढचं पान वाचलं. आपलं म्हणणं मांडू दिलं नाही, हे निवाडा रद्द व्हायला चांगलं कारण होतं. आणि त्या मुदतीत नुसता एक अर्ज कोर्टात टाकला असता, तरी त्याचा निकाल लागेपर्यंत निवाडा बजावता आला नसता. तेव्हाचा कायदाच तसा होता. मामांची बाग वाचवायला एक अर्ज पुरे होता, आणि चार महिने मी घरात बसून वहीतले पूर्णविराम पाठ करत होते.

तिथून तडक सरांच्या ऑफिसात गेले. सर बशीत ओतून चहा पीत होते.

"सर, तुम्ही वर्गात चाळीस सालचा कायदा सांगता."

"हां."

"तो रद्द झालाय."

"झाला की. सहा-सात वर्षं झाली आसतील."

"पण मामांचा निवाडा तुम्ही नव्या कायद्यानं दिला."

"मग काय जुन्यानं देऊ? उद्या कोर्टात उडाला आसता." सरांनी बशी खाली ठेवली. "कोन मामा?"

देवाशप्पथ, त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं. "हां हां, ते मोसंबीवालं. गोड व्हती बरं का मोसंबी."

"सर, मग वही का नाही बदललीत?"

"दोनशे पानं हायेत, केज. कोन उतरवत बसंल? पोरं पास व्हतेतच की." मग त्यांच्या ध्यानात काय झालंय ते आलं असावं, कारण ते हसले. थट्टेनं नाही, चक्क मायेनं हसले. "तू माझ्या वहीवर मामाला सल्ला दिला? येडी का खुळी गं तू! वर्गातलं वर्गात ऱ्हातंय, कोर्टातलं कोर्टात. एवढं तरी तुला कळायला पाहिजे व्हतं. आणि आता एक ध्यानात ठेव. ते नवं काहीबाही वाचलंय, ते पेपरात लिहू नको. वहीतलं लिही."

चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, तसंही ते नव्हतं. शिरजोरी करायला मनात कुठंतरी चोरी टोचावी लागते. या माणसाला काही टोचतच नव्हतं. त्यांच्या लेखी मामा, बाग, विहीर ही सगळी एका फाइलीची नावं, आणि ती फाइल बंद झाली होती. मला शिव्या द्यायच्या होत्या, टेबल उलथायचं होतं. मी "येते सर" म्हणाले आणि आले.

पुढच्या आठवड्यात पेपर झाला. तिसरा प्रश्न होता, 'लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी सविस्तर लिहा.' नवं पुस्तक मी तोवर दोनदा वाचलं होतं. खरं उत्तर मला पाठ होतं. गावाकडं बागेला पाणी बंद होऊन आठवडा झाला होता, झाडांची पानं वळायला लागली होती, ते मी सकाळी फाट्याकडं जाताना बघितलं होतं. आणि मी लिहिलं: निवाडा हा न्यायालयात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा झाल्याशिवाय बजावता येत नाही. पुढची तीन पानं तसंच, वहीबरहुकूम. अक्षर सुरेख आलं होतं.

त्या पेपरात मी सगळ्यात पहिली आले. सरांनी मला वर्गासमोर उभं केलं, पेढा दिला आणि म्हणाले, "ह्याला म्हणतेत विद्यार्थी. केजनं एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं न्हाई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी गावभर पेढे वाटले. तोवर बाग पिवळी पडून गेली होती. पावसाळा निम्मा सरल्यावर पाऊस आला, छावणी उठली, संस्थेनं पंपघराची किल्ली परत आणून दिली. पण झाडं त्याआधीच गेली होती. मामांनी ती एकेक करून स्वतः कापली. मामींनी त्या लाकडावर कधी स्वयंपाक केला नाही. सगळं लाकूड येईल त्याला वाटून टाकलं. मामा पुढं त्या रानात तूर आणि कापूस घ्यायला लागले. मोसंबी पुन्हा लावली नाही.

मी केजला वकिली सुरू केली. बीडच्या कोर्टात सर भेटायचे. "ही माझी विद्यार्थिनी," असं ते चार वकिलांत मोठ्यानं सांगायचे, आणि सांगायला लाज वाटते, पण मी दरवेळी वाकून पाया पडायचे. का? सवय म्हणा, भीती म्हणा. बीडच्या बारमध्ये सरांशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालेलं नव्हतं. त्यांना तुच्छ लेखण्यात मी माझी निम्मी बुद्धी घालवली आणि त्यांच्यासमोर मान मात्र खालीच ठेवली. अभ्यासक्रम बदलला, दुसरे परीक्षक आले, तेव्हा कुठं ती वही सुटली. सरांनी नवी वही केली नाही. वर्ग सोडला आणि लवादाचीच कामं घ्यायला लागले. चेअरमन लोकांचा त्यांच्यावर फार जीव. 

गेल्या मार्गशीर्षात सर गेले. बार रूममध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या. शोकसभेला सभागृह भरलं होतं. एकेकजण उठून सांगत होता, सरांनी शेकडो वकील घडवले, सरांच्या नोट्स नसत्या तर आम्ही आज इथं नसतो. हे अगदी खरं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आष्टीसुद्धा बोलला, तो आता तिकडं मोठा वकील आहे. मग कुणीतरी माझं नाव घेतलं. आज तरी बोलायचंच, असं घरातून ठरवून निघाले होते. उठले, माइकसमोर गेले आणि म्हणाले, "सरांची शिस्त आणि सरांचं पाठांतर आम्ही कधी विसरणार नाही." आणि खाली बसले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्यासारख्यांच्या ती म्हण फार कामाची.

सभेतून परत केजला जाववेना. लिंबागणेशच्या बसमध्ये बसले, फाट्यावर उतरले आणि चालत मामांच्या दारात गेले. मामा आता थकलेत. अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांच्या पायांशी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. निवाडा आला तेव्हा चार महिन्यांची मुदत होती, मला ती माहीत नव्हती, कागदावर कायद्याचं साल लिहिलेलं होतं तरी मी बघितलं नाही, सर तर नालायकच, पण बाग माझ्यामुळं गेली.

मामांनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

"ठावं हाय मला."

"काय ठावं आहे?"

"हेच. बेलीफ आलता त्याच दिशी कळलं. पंचनाम्यावर सही घेताना तो हळूच बोल्ला, मुदतीत एक अर्ज टाकला आसता तर बाग ऱ्हायली आसती म्हनून."

"इतकी वर्षं? मग मला बोलला का नाहीत मामा? एक शब्द तरी बोलायचा!"

"काय बोलू? आठ दिसांवर तुजा पेपर व्हता. म्हनलं, पोरीच्या डोस्क्यात आता दुसरं काही नको." मामा हसले. त्यांचे दात पडलेत, त्यामुळं ते हसले की लहान मुलासारखे दिसतात. "आन् बग, त्याच पेपरात पैली आलीस की न्हाई तू!"

मामींनी चहा आणून ठेवला. त्या पेपरात मी काय लिहून पहिली आले, ते मी मामांना सांगितलं नाही.